'कशावरून?' : घरी तर्क आणि वक्तृत्व शिकवण्यासाठी मोफत साधनांचा शोध, अंबाजोगाईतील एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

१७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळाशाळांतून मुक्तिसंग्राम दिनाची भाषणे होतात. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, तरी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेला हा प्रदेश त्यानंतर तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी मोकळा झाला, आणि त्यामुळे या दिवसाला इथल्या घरांमध्ये स्वतःचे वजन आहे. आमची मुलगी आठवीत असताना त्या दिवशी शाळेत बोलली. टाळ्या मिळाल्या, पहिला क्रमांकही मिळाला. संध्याकाळी तिने तेच भाषण आजोबांपुढे पुन्हा म्हणून दाखवले. माझे सासरे, ज्यांना मुले आबा म्हणतात, प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. भाषणात एक वाक्य होते : 'मराठवाड्यातला प्रत्येक माणूस जिवावर उदार होऊन या लढ्यात उतरला.' आबांनी शांतपणे विचारले, "प्रत्येक? कशावरून म्हणतीस, बाई?" ती गोंधळली आणि म्हणाली, "आबा, भाषणात असंच म्हणतात."

तिला भाषण करायला शिकवले गेले होते, परंतु भाषणातले विधान कशाच्या आधारावर उभे असते हे कोणीच शिकवले नव्हते, आणि या 'कोणीच'मध्ये आम्ही आईवडीलही होतो. पुढची जवळजवळ दोन वर्षे आम्ही घरातल्या घरात तर्क आणि वक्तृत्व शिकवण्यासाठी मोफत साधने शोधली, वापरली, काही टाकून दिली. त्या काळात काय घडले आणि का घडले, याची ही नोंद आहे.

परिस्थिती

आम्ही अंबाजोगाईत राहतो. माझे पती बियाणे, खते आणि औषधांचे दुकान चालवतात, मी एका पतसंस्थेत हिशेब पाहते, आणि गावाकडे चार एकर जमीन आहे, जिच्यात सोयाबीन आणि तूर असते. मुलगी सेमी-इंग्रजीत शिकते. मुलगा त्या वर्षी पाचवीत होता आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करत होता. दुकानाची उधारी अडकलेली असल्याने या कामासाठी पैसा खर्च करायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले. घरात एक स्मार्टफोन आणि आबांचा साधा फोन होता, संगणक नव्हता.

शाळेला दोष देण्याचे कारण नाही. तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषय महाराष्ट्रात अकरावी-बारावीलाच, तोही ऐच्छिक म्हणून मिळतो. त्याआधी शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत 'विधानांवरून निष्कर्ष काढा' अशा स्वरूपाचे प्रश्न येतात, मुले त्यांची उत्तरे झटपट ओळखायला शिकतात, आणि परीक्षा संपली की ते कौशल्य तिथेच राहते. वक्तृत्वाचे याच्या उलट आहे. त्याच्या स्पर्धा गावोगाव आहेत, परंतु भाषणे बहुतेक वेळा विकतच्या भाषणसंग्रहातून उतरवलेली असतात आणि मुले ती हातवाऱ्यांसह पाठ करतात. म्हणजे दोन विद्यांपैकी एक उशिरा येते आणि दुसरी तिच्याशिवायच येते.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

पहिल्या महिन्यात मी रात्री फोनवर इंग्रजीत शोध घेतला. त्यातून कळले की मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्या मिळून 'ट्रिव्हियम' नावाचा पायाभूत अभ्यास होत असे, आणि अमेरिकेतली मुलांना घरीच शिकवणारी अनेक कुटुंबे आजही तो क्रम पाळतात. त्यामुळे त्यांच्यासाठी तयार झालेल्या मोफत कामपत्रिका विपुल आहेत. मी त्रेचाळीस फायली उतरवून घेतल्या, त्यांतल्या निवडक पानांच्या प्रती काढण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात शहात्तर रुपये गेले, आणि मोफत म्हणजे अगदी बिनखर्चाचे नसते हे तिथेच समजले.

त्या कामपत्रिका वाईट नव्हत्या. अडचण अशी झाली की एका पानावर बेसबॉलच्या सामन्यावरून अनुमान काढायचे होते, दुसऱ्यावर बर्फ पडल्यामुळे शाळेला मिळालेल्या सुट्टीवरून. मुलांना आधी बेसबॉल समजावून सांगावा लागे, मग इंग्रजी वाक्य, आणि तर्काची पाळी येईपर्यंत जेवणाची वेळ झालेली असे. तीन आठवड्यांत मुलगा या कामाला 'इंग्लिशचा तास' म्हणू लागला. तेव्हा आबांनी न्यायसूत्रांतली, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथातली, दृष्टांताची व्याख्या सांगितली. तिचा आशय असा की, ज्या गोष्टीविषयी सामान्य माणसाची आणि जाणकाराची समजूत सारखीच असते, ती गोष्ट दृष्टांत म्हणून चालते. बेसबॉल आमच्या घरी दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हता. जे उदाहरण स्वतःच समजावून सांगावे लागते ते दुसरे काही समजावून देऊ शकत नाही, हा निकष आम्ही त्या दिवसापासून प्रत्येक साधनाला लावला, आणि त्रेचाळीसपैकी एकच फाईल उरली.

ती होती लुईस कॅरल यांच्या १८८६ सालच्या तर्काच्या खेळाची. कॅरल म्हणजे ऑक्सफर्डचे गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन. त्यांनी चौकटी आखलेला एक पट आणि नऊ सोंगट्या एवढ्यावर 'सर्व', 'काही' आणि 'एकही नाही' या विधानांचा खेळ बसवला आहे. चार सोंगट्या एका रंगाच्या, त्या जिथे ठेवाल तिथे निदान एक तरी वस्तू आहे. पाच दुसऱ्या रंगाच्या, त्या जिथे ठेवाल ती चौकट रिकामी. हे पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळते. त्यातली इंग्रजी वाक्ये आम्ही टाकून दिली आणि खेळ ठेवला : जमिनीवर खडूने पट आखला, चार दाणे मसुराचे आणि पाच ज्वारीचे घेतले, आणि वाक्ये घरची केली. 'आपल्या गल्लीतल्या सर्व विहिरी आटल्या आहेत' हे विधान मांडताना कॅरल यांच्या नियमाप्रमाणे मसूर ठेवावा लागतो, पण गल्लीत विहीर आहे की नाही हे त्या वाक्याने खरोखर सांगितलेले असते का, यावर मुलगा आणि आबा यांच्यात पाऊण तास चर्चा झाली. तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही या प्रश्नावर बराच खल आहे, हे आम्हाला पुढे कळले.

याच काळात फोनवरच्या एका समूहातून चालू लेखकांच्या विकत मिळणाऱ्या पुस्तकांच्या फायली मोफत आल्या. त्या आम्ही घेतल्या नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो आणि त्यानंतर लेखन सर्वांचे होते. १८९० साली वारलेले जोतीराव फुले किंवा १८९५ साली वारलेले आगरकर कोणालाही उघडपणे घेता येतात. मुलांना युक्तिवादातला प्रामाणिकपणा शिकवायचा आणि पुस्तक मात्र चोरीचे वापरायचे, हे मला पटले नाही.

मराठीत सापडलेले

मराठीतला शोध उशिरा सुरू झाला, आणि त्याचे कारण माझ्या मनातला चुकीचा समज होता की असे काही मराठीत नसेलच. 'मुलांसाठी तर्कशास्त्र' असे शोधले तर खरोखरच फारसे काही येत नाही. परंतु साधने होती, ती फक्त दुसऱ्या नावांखाली ठेवलेली होती.

बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीचे तर्कशास्त्राचे पुस्तक मराठीतून मोफत उतरवून घेता येते. ते सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले असल्याने आम्ही त्यातली चिन्हांकित सिद्धतेची प्रकरणे बाजूला ठेवली आणि विधान म्हणजे काय, आधारविधान आणि निष्कर्ष यांचे नाते कसे असते, आणि तर्कदोष कोणते, एवढाच भाग घेतला. सत्यता-कोष्टके, म्हणजे भागांच्या खरेखोटेपणावरून जोडविधान खरे की खोटे हे दाखवणारी कोष्टके, मात्र मुलीला अनपेक्षितपणे आवडली. या भागावर आम्ही जवळजवळ चार महिने राहिलो, कारण कोष्टकातले प्रत्येक जोडपद मराठी बोलण्यात कसे वागते हे तपासण्यात फार गोडी होती.

'किंवा' आणि 'की' यांचेच घ्या. 'चहा घेणार की दूध?' या प्रश्नात दोहोंपैकी एकच निवडायचे असते. 'आधार कार्ड किंवा रेशन कार्ड आणा' या सूचनेत दोन्ही आणली तरी कोणी परत पाठवत नाही. कोष्टकातला 'किंवा' हा दुसऱ्या प्रकारचा आहे, हे मुलांना पुस्तकाने नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या जिभेवरच्या फरकाने पटले. त्याहून मोठा शोध 'तर' आणि 'तरच' यांचा लागला. 'पाऊस पडला तर पेरणी करू' या वाक्यात पाऊस पुरेसा आहे. 'पाऊस पडला तरच पेरणी करू' यात पाऊस आवश्यक आहे, पण तो पडल्यावर पेरणी होईलच असे वचन त्यात नाही, कारण बियाणे यायचे असेल, बैल आजारी असेल. पुरेशी अट आणि आवश्यक अट यांतला भेद एका 'च'मध्ये मावतो. आठवड्याभरात मुलाने माझे एक वाक्य पकडले. 'अभ्यास केलास तरच मोबाइल मिळेल' असे मी म्हणाले होते, त्याने अभ्यास केला, मी मोबाइल दिला नाही, आणि त्याने वहीत लिहिले की आईने वचन मोडलेले नाही, परंतु तिने वचन दिलेलेही नव्हते. मी त्या दिवसापासून मुलांशी बोलताना 'तर' आणि 'तरच' यांची निवड विचारपूर्वक करते.

दुसरे साधन मराठी विश्वकोश. राज्याच्या विश्वकोश निर्मिती मंडळाची स्थापना १९८० साली झाली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक होते, आणि वाईहून सिद्ध झालेले त्याचे खंड आता संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतात. तर्कशास्त्रावरची आणि न्यायदर्शनावरची नोंद मुलांना झेपणारी नव्हती. ती आबांनी वाचली, आणि मग त्यांच्या पद्धतीने सांगितली. साधन मुलासाठी आहे की शिकवणाऱ्यासाठी, हा भेद आधी केला असता तर आमचे कितीतरी श्रम वाचले असते. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रमही याच दुसऱ्या प्रकारात मोडतात : ऐकायला मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क, आणि पातळी बहुतेक महाविद्यालयाची.

न्यायदर्शनातून आम्ही पाच अवयवांचे अनुमान घेतले. प्रतिज्ञा : त्या वस्तीवर विस्तव आहे. हेतू : कारण धूर दिसतो. उदाहरण : जिथे धूर असतो तिथे विस्तव असतो, जसे आपल्या चुलीत. उपनय : या वस्तीवर तसाच धूर आहे. निगमन : म्हणून तिथे विस्तव आहे. पाश्चात्त्य पद्धतीच्या तीन वाक्यांच्या संवाक्यात उदाहरण सक्तीचे नाही. इथे ते द्यावेच लागते, आणि लहान मुलांना त्याचा मोठा आधार वाटतो, कारण नियम खरा आहे की नाही हे तपासायला डोळ्यांपुढे एक चूल असते.

मग आबांनी तेच उलटे विचारले. जिथे विस्तव तिथे धूर, असे म्हणता येईल का? नैयायिकांचे उत्तर ठरलेले आहे : तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मुलाने गॅसची शेगडी सुचवली, ती अधिक चांगली. धुरासाठी विस्तवाबरोबर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे ओले सरपण, आणि अशा लपलेल्या अटीला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. हा एक शब्द आमच्या घरात जितका वापरला गेला तितका दुसरा कोणताही नाही.

त्याचे कारण दुकानात होते. एक शेतकरी सांगत होते की गेल्या वर्षी अमुक टॉनिक मारले आणि सोयाबीनचा उतारा एकरी दोन क्विंटलने वाढला, तेव्हा यंदाही तेच द्या. मुलगी सुट्टीत दुकानात बसली होती. घरी येऊन तिने वडिलांना विचारले की त्या वर्षी पाऊस कसा होता. पाऊस उत्तम होता, टॉनिक न मारणाऱ्यांचाही उतारा वाढला होता. म्हणजे उतारा वाढला तिथे तिथे पाऊस होता, आणि टॉनिक मारले तिथे तिथे पाऊस असतोच असे नाही. ओल्या सरपणाची जागा पावसाने घेतली होती. माझे पती त्या रात्री बराच वेळ गप्प राहिले, कारण टॉनिकवर दुकानाला सुटणारा नफा बियाण्यापेक्षा जास्त आहे. तर्क घरात शिकवायचा म्हटले की तो घराच्या मिळकतीपर्यंत पोचतो, हे आम्ही सुरुवातीला लक्षात घेतले नव्हते.

वाद, जल्प आणि वितंडा यांचा भेदही न्यायसूत्रांतलाच. सत्य कळावे म्हणून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी कोणत्याही मार्गाने केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त खोडणारी ती वितंडा. दूरचित्रवाणीवरच्या चर्चा ऐकताना मुले हे शब्द अचूक लावू लागली. परंतु इथे एक चूकही झाली, आणि ती दोन महिने टिकली. मुलगा बहिणीच्या प्रत्येक आक्षेपाला 'ही वितंडा आहे' म्हणू लागला, बहीण त्याच्या प्रत्येक वाक्यात छल, म्हणजे शब्दाचा अर्थ मुद्दाम फिरवणे, शोधू लागली. नाव माहीत झाले की दोष दाखवून देण्याचे कष्ट संपले, असे त्यांना वाटू लागले होते. अखेर आबांनी नियम घातला की दोषाचे नाव घ्यायचे नाही, 'तुझ्या या वाक्यावरून ते वाक्य निघत नाही, कारण...' असे पूर्ण वाक्य बोलायचे. नावे वहीत राहिली, तोंडातून गेली, आणि भांडणे चर्चेवर आली.

अंबाजोगाईत राहण्याचा एक लाभ इथे सांगितला पाहिजे. संतकवी दासोपंतांनी पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते याचा, विषय एका लांबच लांब कापडावर लिहिला, ती पासोडी आमच्या या गावची. मुलांना ती कल्पना फार आवडली. त्यांनी एका जुन्या चादरीवर पाच अवयव, पाच हेत्वाभास (वरवर खरे भासणारे सदोष हेतू) आणि 'तर-तरच'ची कोष्टके रंगाने लिहून ती माजघरात टांगली. इतक्या उतरवलेल्या फायलींपेक्षा त्या चादरीकडे मुलांची नजर अधिक वेळा गेली आहे.

वक्तृत्वाकडे

पुढच्या वर्षी १७ सप्टेंबरचे भाषण मुलीने स्वतः लिहिले. 'प्रत्येक' गेला. जिथे पुरावा होता तिथेच विधान राहिले, सत्याग्रहांचे उल्लेख आले, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातल्या लष्करी कारवाईच्या तारखा आल्या. एकही वाक्य खोडता येईना. भाषणाला क्रमांक मिळाला नाही, आणि परीक्षकांचा शेरा होता : 'माहिती चांगली, पण भाषण पोचत नाही.'

मुलगी रडली. मला आधी परीक्षकांचा राग आला. नंतर मी ते भाषण पुन्हा ऐकले, तेव्हा शेरा योग्य होता हे मान्य करावे लागले. आम्ही एका विद्येवर वर्षभर घालवले होते आणि दुसरी आपोआप येईल असे गृहीत धरले होते. खरे तर तो आमचाच तर्कदोष होता.

या टप्प्यावर साधने शोधणे सोपे गेले, कारण कुठे पाहायचे हे आता कळले होते. अॅरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्राचे जुने इंग्रजी भाषांतर संकेतस्थळांवर मोफत आहे. मी त्यातली तीनच सूत्रे घेतली : श्रोता पटवून घेतो ते बोलणाऱ्याच्या विश्वासार्हतेमुळे, स्वतःच्या मनात उठलेल्या भावनेमुळे, आणि युक्तिवादामुळे. मुलीच्या भाषणात तिसरी गोष्ट पूर्ण होती आणि पहिल्या दोन मुळीच नव्हत्या.

त्या दोन गोष्टी मराठवाड्यात फोनशिवायही ऐकायला मिळतात. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांत मांडला जातो आणि उत्तररंगात तोच सिद्धांत आख्यानातून लोकांपुढे उभा केला जातो. आबा मुलांना नवरात्रात कीर्तनाला घेऊन गेले ते हातात वही देऊन, आणि काम एवढेच दिले की बुवा सिद्धांताकडून गोष्टीकडे कोणत्या वाक्याने वळतात ते लिहून आणायचे. पैठणच्या एकनाथांची भारुडे आणि जालना जिल्ह्यातल्या जांब इथे जन्मलेल्या रामदासांचा दासबोध यांच्या संहिता मोफत मिळतात. दासबोधात श्रोता मध्येच आशंका घेतो आणि वक्ता तिचे निरसन करतो. विरोधी बाजू आधी स्वतःच मांडायची, ही गोष्ट मुलीने तिथून उचलली. महानुभावांच्या दृष्टांतपाठाची रचना तर आम्हाला पाठ्यक्रमासारखीच वापरता आली : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांत मूळ मुद्द्याला कसा लागू पडतो ते. मुले गोष्ट सांगतात आणि तिथेच थांबतात. दार्ष्टांतिक म्हणजे न्यायातला उपनयच, हे मुलीने स्वतः ओळखले, आणि त्या संध्याकाळी आबांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा होता.

फुल्यांच्या १८८३ सालच्या शेतकऱ्याच्या आसूडातली सुरुवातीची साखळी, जिच्यात विद्येअभावी मती, मतीअभावी नीती, मग गती, मग वित्त जाते आणि शेवटी शूद्र खचतात, ती आम्ही दोनदा वाचली. पहिल्यांदा तर्क म्हणून, एकेक कडी तपासत : गतीअभावी वित्त जाते हे नेहमी खरे का? दुसऱ्यांदा भाषण म्हणून, मोठ्याने : प्रत्येक कडीचा शेवट पुढच्या कडीची सुरुवात होतो, म्हणून ऐकणाऱ्याला मध्ये थांबता येत नाही. एकाच उताऱ्यात दोन्ही विद्या एकमेकींना कशा धरून असतात हे दाखवणारे याहून चांगले मोफत साधन आमच्या हाती लागले नाही.

जानेवारीत मुलीने भाषण पुन्हा लिहायला घेतले. आबांनी तिला त्यांच्या आईची आठवण सांगितली होती. रझाकारांच्या भीतीने त्यांनी घरातली पितळेची भांडी पेवात ठेवून वरून ज्वारी ओतली आणि चार रात्री दार लावून घरातच काढल्या. आधी मुलीला ही गोष्ट भाषणात बसेना, कारण तिच्यात कोणी लढत नव्हते. मग तिने तीच पहिल्या वाक्यात घेतली : 'माझी पणजी लढली नाही. तिने भांडी लपवली आणि दार लावून घेतले. तिच्यासारख्या हजारो घरांना दार लावून घ्यावे लागत होते, म्हणून जे दार उघडून बाहेर पडले त्यांचे मोल आपल्याला कळते.' आबांनी विचारले, "हजारो? कशावरून?" तिने 'हजारो घरांना'च्या जागी 'अनेक घरांना' असे केले आणि वाक्य पुन्हा वाचले. त्याचा जोर कमी झाला नव्हता.

नोंद तपासताना

आमच्या नोंदीला किती वजन द्यायचे हे वाचकाने ठरवताना काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. मुले दोनच होती. घरात निवृत्त शिक्षक होते, हे सर्वांच्या घरी नसते, आणि आबा नसते तर विश्वकोशाची नोंद न वाचताच राहिली असती. शिवाय दोन वर्षांत मुलगी आठवीतून दहावीत गेली आणि मुलगा पाचवीतून सातवीत. या वयात मुले अशीही नेमके बोलू लागतात. मुलीनेच मला विचारले की, 'आई, आम्ही सुधारलो ते या अभ्यासाने, की वय ही उपाधी आहे?' याचे खात्रीचे उत्तर माझ्यापाशी नाही. 'तर' आणि 'तरच' यांच्यातला फरक वयाने आपोआप कळत नाही, एवढे मी म्हणू शकते, कारण तो मला चाळिशीपर्यंत कळलेला नव्हता.

जे मिळाले नाही तेही लिहिते. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी पायरीपायरीने चढत जाणारी, मराठी उदाहरणांची सरावपुस्तिका आम्हाला मोफत सापडली नाही. ती उणीव आम्ही एका दोनशे पानी वहीने भरून काढत आहोत. तिच्यात आजवर एकशे बारा प्रश्न झाले आहेत, सर्व घरातल्या, दुकानातल्या, शेतातल्या आणि वर्तमानपत्रातल्या वाक्यांवरून काढलेले. एखाद्या कुटुंबाने आज सुरुवात करायची म्हटली तर मी त्यांना पहिल्या महिन्यात काहीही उतरवून घेऊ नका असे सांगेन. रोज जेवताना एक वाक्य घ्यावे, त्यावर 'कशावरून' विचारावे, आणि अडेल तेव्हा बालभारतीच्या पुस्तकातले तेवढेच पान उघडावे.

दुकानातल्या टॉनिकचा प्रश्न तसाच राहिला होता. यंदा जूनमध्ये पेरणी झाल्यावर माझ्या पतींनी गावाकडच्या आमच्याच सोयाबीनमध्ये आठ ओळींवर टॉनिक मारले आणि शेजारच्या आठ ओळी तशाच सोडल्या. जमीन एक, बियाणे एक, पाऊस एक. दोन्ही पट्ट्यांच्या टोकाला मुलाने खुंट्या ठोकून चिंध्या बांधल्या आहेत. मळणीच्या वेळी दोन राशी वेगळ्या ठेवून मापायच्या, असे ठरले आहे, आणि दुकानात टॉनिक मागणाऱ्या चार शेतकऱ्यांनाही त्यांनी आठ ओळी सोडायला सांगितले आहे. त्यांतल्या दोघांनी सोडल्या.